जुन्या रिळांवर नवी नावं

मूकपटाच्या जमान्यात चित्रपट एकदा दाखवून झाला म्हणजे संपला, असं नव्हतं. रिळं कंपनीच्या मालकीची. त्यातला एखादा किरकोळ नट पुढं गाजला की मालकाला ती आठवत. मग कात्री चाले, मधल्या मजकुराच्या पाट्या बदलत आणि जुना माल नव्या नावानं बाजारात येई. पात्रं बोलतच नव्हती, त्यामुळं पाटी बदलली की गोष्ट बदले.

अमेरिकेत हे राजरोस चाललं. चार्ली चॅप्लिन 'एसॅने' कंपनी सोडून गेला आणि १९१६ मध्ये कंपनीनं त्याचं 'कार्मेन'चं दोन रिळांचं विडंबन फुगवून चार रिळांचं केलं. त्यानं टाकून दिलेले तुकडे परत जोडले, बेन टर्पिनला घेऊन नवे प्रसंग घुसडले. चॅप्लिन कोर्टात गेला आणि हरला. पुढच्या करारांत त्यानं आपल्या चित्रपटाला कुणी हात लावायचा नाही, असं कलमच घालून घेतलं.

सगळ्यात मासलेवाईक प्रकरण 'ओव्हर द ऱ्हाइन'चं. १९१८ चा हा जर्मनविरोधी प्रचारपट. नायक ज्युलियन एल्टिंज. आपल्याकडं बालगंधर्व गाजत होते, त्याच काळात हा तिकडं स्त्रीवेषासाठी प्रसिद्ध होता. युद्ध संपलं, विषय शिळा झाला. १९२० मध्ये काटछाट करून तोच चित्रपट 'ॲन ॲडव्हेंचरेस' म्हणून आला. पुढच्या वर्षी त्यातला एक दुय्यम नट, रुडॉल्फ व्हॅलेंटिनो, एका रात्रीत जगाचा लाडका झाला. लगेच १९२२ मध्ये तिसरा अवतार, 'द आइल ऑफ लव्ह'. त्यातली व्हर्जिनिया रॅपी १९२१ मध्ये मरण पावली होती आणि त्या मृत्यूवरून नट फॅटी आर्बकलवर खटले चालले होते. मालकांनी तिच्या नावाचीही जाहिरात केली. धंदा म्हटला तरी काही लाज असावी.

आपल्याकडं याच्या जवळ जाणारी गोष्ट पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्सची, म्हणजे सुलोचनाची. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून ती पडद्यावर आली आणि मूकपटांची सर्वांत मोठी तारका ठरली. तिच्या 'माधुरी' (१९२८) या मूकपटातलं नृत्य इतकं गाजलं, की गांधीजी खादी प्रदर्शनाचं उद्घाटन करतानाच्या लघुपटाला ते ध्वनीसकट जोडून दाखवलं गेलं. खादी आणि नाच एका तिकिटात! बोलपट आला तेव्हा तिची हिंदुस्थानी कच्ची होती. ती भाषा शिकली आणि १९३२ मध्ये बोलकी 'माधुरी' घेऊन परतली. मग तिची मूक 'अनारकली'ही बोलकी झाली. ती जिथं काम करी त्या इंपीरियल कंपनीनं जुनी रिळं कापण्यापेक्षा तिची जुनी यशं नव्यानं चित्रित केली. प्रेक्षकाला निदान नवा चित्रपट तरी मिळाला. ही रीत मला जास्त प्रामाणिक वाटते.

आज कापायलाही काही उरलेलं नाही. देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. हाती आहेत ते तीसही नाहीत. नायट्रेटची फिल्म जळाली, कुजली, चांदीसाठी वितळवली गेली.

बारामती-इंदापूरच्या यात्रांतल्या तंबूत सिनेमा येई तोही शहरांत झिजलेल्या प्रतींतून. फिल्म तुटली की ऑपरेटर तेवढा तुकडा काढून टाके आणि पुढं जोडून चालवी. हीही कात्रीच, पण नाइलाजाची. या भागातल्या जुन्या टूरिंग टॉकीजवाल्यांच्या माळ्यावर अजून पत्र्याचे डबे पडले असतील, तर ते भंगारात घालू नका. पेटत्या दिव्याजवळ किंवा विडीच्या थोटकाजवळ तर मुळीच उघडू नका, कारण नायट्रेट भडकतं. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे; आधी त्यांना कळवा.