‘डेथ’ आडनावाचे मूळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडच्या पूर्व भागात, विशेषतः सफक आणि एसेक्स परगण्यांत रुजलेले ‘डेथ’ हे विरळा आडनाव बेल्जियममधील आथ या गावावरून पडले असून ‘द आथ’, म्हणजे ‘आथचा’, हे त्याचे मूळ रूप नॉर्मन सरदारांनी 1066 च्या स्वारीबरोबर आणले, असे इतक्या ठामपणे सांगितले जाते की त्याचा पुरावा सहसा कोणी मागतच नाही. असा पुरावा नाही. पी. एच. रीनी यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ब्रिटिश आडनावांच्या कोशात या व्युत्पत्तीला आधार सापडत नसल्याचे नोंदवले, तरीही ती वंशावळींतून उतरवून घेतली जात राहिली. मुळात आथ नॉर्मंडीत नव्हतेच, ते एनो या स्वतंत्र काउंटीत होते आणि त्याला नगर म्हणून महत्त्व आले ते काउंट बाल्डविन चौथा याने 1166 च्या सुमारास तेथे बुर्बां हा बुरूज उभारल्यावर, म्हणजे स्वारीनंतर तब्बल शंभर वर्षांनी. ‘द’ ही सरदारकीची खूण मानणे तर त्याहून मोठी चूक आहे, कारण मध्ययुगीन कारकून लॅटिन दफ्तरांत साध्या कुळाच्या गावापुढेही तो लावत, आणि मराठी आडनावातला ‘कर’ जसा गाव सांगतो, खानदान नव्हे, तसाच तोही.

अभ्यासकांच्या मते हे आडनाव मिरवणुकीतील सोंगांत मृत्यूची भूमिका करणाऱ्याच्या टोपणनावावरून, किंवा सरपण या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून, म्हणजे सरपण गोळा करणाऱ्याच्या धंद्यावरून पडले असावे. यांतील कोणतेही मूळ लाजिरवाणे नाही. तरीही मृत्यूचा अर्थ झाकण्यासाठी मध्ये अपॉस्ट्रॉफी घालून लिहिलेले रूपच प्राचीन समजले जाते, याचा खेद वाटतो.

आडनावांबद्दलचा आणखी एक गैरसमज, म्हणजे घराण्याचे ढालीवरचे मानचिन्ह आडनावाला मिळते, हेही खरे नाही. इंग्लंडमध्ये ते व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते. एका आडनावाचे सारे एकाच पूर्वजाचे वंशज, हे स्मिथसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या आडनावाबाबत मुळीच लागू पडत नाही. विरळा आडनावांत मात्र, लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी 2009 मध्ये पुरुषांच्या वाय गुणसूत्रांवरून दाखवल्याप्रमाणे, समान पूर्वजाची शक्यता बरीच जास्त असते.

ज्यांना आपल्या आडनावाचे मूळ शोधायचे आहे, त्यांनी 1066 पासून पुढे न येता आजपासून मागे जावे, आणि 1538 पासून ठेवल्या जाऊ लागलेल्या चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी आधी तपासाव्यात.