पाया, वाढीव बांधकामाचा

पाया, वाढीव बांधकामाचा : अस्तित्वात असलेल्या घराला लागून नवी खोली, पडवी, स्वयंपाकघर इ. बांधताना नव्या भागाचा भार जमिनीकडे नेण्यासाठी घालण्यात येणारा पाया. मोकळ्या जागेवरील पायाप्रमाणे तो जमिनीला पेलेल एवढा रुंद व पुरेसा खोल असावा लागतोच. शिवाय येथे आणखी दोन अटी पाळाव्या लागतात. खोदाईमुळे जुन्या पायाचा आधार ढळू नये ही पहिली व नवा भाग खचल्याने जोडावर तडे जाऊ नयेत ही दुसरी.

खचण्यातील फरक : इमारतीच्या भाराने खालील माती दाबली जाते व इमारत थोडी खाली बसते. वाळू किंवा मुरूम असल्यास ही क्रिया बहुतांशी बांधकाम चालू असतानाच पुरी होते. चिकणमातीत मात्र कणांमधील पाणी सावकाश बाहेर पडत असल्याने ती अनेक वर्षे चालू राहते. या क्रियेचे शास्त्रीय विवेचन कार्ल टेर्झागी यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळते. सर्व इमारत सारख्या प्रमाणात बसली, तर सहसा हानी होत नाही. निरनिराळे भाग कमीअधिक बसले म्हणजे भिंती तडकतात. जुने घर आपल्या भाराखाली बसून स्थिरावलेले असते, तर नव्या भागाचे बसणे अजून व्हावयाचे असते. म्हणून नवी भिंत जुन्या भिंतीत दाते सोडून पक्की गुंफली, तर मजबुती वाढण्याऐवजी नेमक्या त्या जागी तडा जाण्याचा संभव असतो.

पूर्वतपासणी : प्रथम जुन्या भिंतीलगत लहान खड्डा घेऊन तिच्या पायाची खोली, रुंदी व घडण पाहतात. जुन्या वाड्यांचे व खेड्यांतील घरांचे पाये बहुधा मातीत किंवा चुन्यात रचलेल्या दगडांचे असतात. जागेवर पूर्वी विहीर, शोषखड्डा वा भराव असल्यास तेथील मऊ माती काढून टाकावी लागते. दख्खन पठारावर काळ्या मातीखाली मुरूम व त्याखाली काळा पाषाण हा क्रम सामान्यतः आढळतो. परंतु त्यांची खोली एकाच आवारातही बदलते. जुना पाया मुरुमावर आहे, यावरून नवाही मुरुमावरच येईल असे गृहीत धरता येत नाही. कोकणात जांभ्याचा थर पुष्कळ ठिकाणी चांगला आधार देतो.

खोदाई : भारतीय मानकानुसार मातीतील पाया नैसर्गिक भूपृष्ठाखाली किमान ५० सेंमी. असावा लागतो. शक्यतो नवा पाया जुन्याच्याच पातळीवर ठेवतात. तो अधिक खोल न्यावा लागल्यास जुन्यापासून दूर सरकवतात. वाळूसारख्या सुट्या जमिनीत दोन्ही पायांच्या जवळच्या तळकडा जोडणारी रेषा दोन भाग आडवे व एक भाग उभे यापेक्षा अधिक तीव्र उताराची नसावी. एवढी जागा नसेल, तर जुन्या पायाखाली टप्प्याटप्प्याने नवा आधार द्यावा लागतो. त्यासाठी १ ते १.५ मी. लांबीचे भाग एकाआड एक खोदून, प्रत्येक भागातील काँक्रीट पक्के झाल्यावरच पुढचा भाग घेतात. संपूर्ण भिंतीलगतचा चर एकदम उघडणे व तो पावसाळ्यात तसाच ठेवणे हे भिंत कोसळण्याचे व त्याखाली मजूर सापडण्याचे कारण ठरते. दीड मीटरहून खोल चराच्या बाजूंना फळ्या व धिरे देणे आवश्यक असते.

काळी माती : ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे हलकी एकमजली घरे विशेष तडकतात, कारण फुगवटा दाबून ठेवण्याएवढे त्यांचे वजन नसते. थर पातळ असल्यास पाया मुरुमापर्यंत नेणे उत्तम. थर जाड असल्यास रूडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, खालच्या बाजूस कंदासारखा फुगीर भाग असलेले काँक्रीटचे स्थूण वापरतात. फुगीर भागाचा व्यास सामान्यतः दांड्याच्या अडीचपट असतो व खोल थरात स्थूणांची लांबी किमान ३.५ मी. ठेवतात. स्थूणांवरील तुळई व माती यांत पोकळी सोडतात. भिंतीभोवती फरसबंदी करून पावसाचे व न्हाणीचे पाणी दूर नेणे आणि मोठी झाडे जवळ न लावणे, हे साधे उपायही तितकेच महत्त्वाचे आहेत.

सांधा : नव्या व जुन्या भागांचे पाये, भिंती व छपरे स्वतंत्र ठेवून त्यांमध्ये सरळ उभा सांधा सोडतात. तो लवचिक द्रव्याने भरून वर पत्र्याची झाकणपट्टी बसवितात. भूकंपात दोन्ही भाग वेगवेगळ्या रीतीने हलून एकमेकांवर आदळतात. हे टाळण्यासाठीही पुरेशी फट लागते. कोयना (११ डिसेंबर १९६७) व किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) येथील भूकंपांनंतर पठारी प्रदेशातही हा विचार अपरिहार्य ठरला आहे.

वाढीव मजला : घर आडवे न वाढविता वर मजला चढविल्यास नवा पाया लागत नाही, मात्र सर्व जादा भार जुन्या पायावर येतो. म्हणून त्याची रुंदी व खालच्या जमिनीची धारणक्षमता प्रथम तपासावी लागते. भिंती भक्कम दिसतात, एवढ्यावरून पाया पुरेसा आहे असे ठरत नाही.