बाळाला पाय फुटतात तेव्हा

मूल दहा-अकरा महिन्यांचे झाले की घराचे रूप पालटू लागते. मेजावरची फुलदाणी कपाटाच्या माथ्यावर जाते. तिच्या पाठोपाठ आजोबांचा चष्मा, औषधांच्या बाटल्या आणि ताजे वर्तमानपत्रही जाते. थोड्याच दिवसांत जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतचे घर रिकामे होते आणि सारा संसार वर चढून बसतो. पूर ओसरल्यावर भिंतीवर पाण्याची रेघ उरते ना, तशीच एक रेघ अशा घरात ओढलेली असते. तिच्याखालचा मुलूख बाळाचा. आपल्या घरी या वयाचे मूल असेल तर ही रेघ आपणांस ठाऊक असेलच, आणि दर आठवड्याला ती बोटभर वर सरकते हेही.

या मुलखात बाळ दिवसभर करते तरी काय? ‘पसारा’, असे उत्तर बहुतेक घरांत मिळेल. पण घटकाभर आपण त्याच्याशेजारी जमिनीवर बसून पाहावे. ते चमचा टाकते, तो कोठे गेला ते वाकून पाहते, आणि आपण उचलून दिला की पुन्हा टाकते. दहाव्या वेळी वाकताना आईला वाटते, पोर मुद्दाम छळते आहे. छळण्याचा विचार अजून त्याच्या मनात यावयाचा आहे. वस्तू सोडली की खाली जाते, वाजते, घरंगळते, आणि दृष्टीआड झाली तरी कोठेतरी असतेच, हे ते पुन:पुन्हा पडताळून पाहत असते. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वत:च्याच तीन मुलांचे हे खेळ बारकाईने टिपून ठेवले होते. पुढच्या संशोधकांच्या मते ही जाण पियाजे समजत होता त्याहून लवकर उगवते. ते काहीही असो. आठ-नऊ महिन्यांचे मूल रुमालाखाली झाकलेले खेळणे रुमाल ओढून शोधू लागते, हे कोणत्याही घरात पाहावयास मिळते. पदराआडून ‘बुवा कुक्’ केले की ते खदखदून हसते, ते आई पदरामागे आहेच या खात्रीने.

गंमत अशी की, याच ज्ञानातून या वयाचे रडणेही जन्माला येते. दाराआड गेलेली आई कोठेतरी आहे, पण येथे नाही, हे आता बाळाला कळते. म्हणून कालपर्यंत कोणाच्याही कडेवर जाणारे मूल आज आई न्हाणीघरात गेली तरी हंबरडा फोडते. बदलीच्या नोकरीमुळे आप्तांपासून दूर राहणाऱ्या कुटुंबांत तर हा प्रसंग हटकून येतो. भोपाळला किंवा भिलाईला राहणाऱ्या नातवाला पाहण्यासाठी आजी दोन रात्रींचा प्रवास करून येते, हात पसरते, आणि नातू आईच्या खांद्यात तोंड खुपसतो. आजीने मन खट्टू करून घेऊ नये. तिने लगेच त्याला उचलण्याचा प्रयत्न न करता थोडे दूर जमिनीवर बसावे आणि एखादी वाटी वाजवीत राहावे. वाटीच्या ओढीने ते आपणहून येईल. कदाचित दुपारी, कदाचित दुसऱ्या दिवशी. आणि कामावर निघणाऱ्या आईने वा बाबांनी त्याची नजर चुकवून पळू नये. निरोप घेतल्याने रडे येईल, पण गेलेले माणूस सांगून जाते आणि परत येते, हेही त्याला शिकावयाचे आहे.

आता चालण्याविषयी. या विषयावर शेजारपाजारी जितकी चर्चा होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाची होत असेल. ‘आमची ठकी नवव्या महिन्यात चालली’ हे वाक्य ऐकले की अकरा महिन्यांचे रांगते मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईचा चेहरा उतरतो. तिने पुढील आकडे अवश्य वाचावेत. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका या पाच देशांतील निरोगी बालकांची पाहणी केली. भारतातील बालके दिल्लीची होती. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निरोगी मूल आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हाही आधारावाचून चालू लागते. सरासरी बारा महिन्यांची, पण सरासरी म्हणजे काही शाळेची घंटा नव्हे. शंभरांतील सुमारे चार मुले तर हातापायांवर रांगलीच नाहीत. बसल्या बसल्या सरकत किंवा थेट उभी राहून ती पुढे गेली. दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नसेल, किंवा एकदा आलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर मात्र ‘होईल हळूहळू’ म्हणत न बसता डॉक्टरांना दाखवावे. अंगणवाडीत मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण पत्रिकेत वाढीचे हे टप्पे चित्रांसह दिलेले असतात. लसींच्या तारखा पाहून ती पत्रिका मिटून ठेवण्याची आपली सवय बरी नव्हे.

चालण्याची घाई झालेली घरे बाजारातून चाकांचा वॉकर आणतात. बाळाला त्यात बसविले की ते घरभर फिरते, कौतुक होते, आईचे हातही मोकळे होतात. पण त्याने चालणे लवकर येत नाही, आणि उंबरा, जिना, शेगडी यांच्यापर्यंत मूल क्षणार्धात जाऊन पोहोचते. कॅनडाने 2004 मध्ये या वस्तूच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा, तमिळनाडूत ज्याला नडैवंडी म्हणतात तो, याहून शहाणा म्हणावयाचा. त्यात मूल बसत नाही. आपल्याच पायांवर उभे राहून तो ढकलते, आणि पाय चुकला की पडते. कोणी जवळ असावे एवढेच.

पडणे तर व्हावयाचेच. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी एक ते दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांची पावले मोजली, ती 2012 साली प्रसिद्ध झाली: तासाला सरासरी 2368 पावले आणि 17 वेळा पडणे! यातील प्रत्येक वेळी ‘अगं बाई!’ म्हणून किंचाळणारे माणूस घरात असेल तर मूल पडल्यामुळे नव्हे, किंकाळीमुळे रडते. पडल्यावर ते आधी आपल्या तोंडाकडे पाहते, हे आपण पाहिले असेलच.

मात्र काही गोष्टींत धीटपणा नको. न्हाणीघरातील भरलेली बादली ही आपल्याकडील घरांतली सर्वांत दुर्लक्षित धोक्याची वस्तू आहे. मूल वाकून डोकावते, तोल जातो, आणि डोके जड असल्याने त्याला मागे येता येत नाही. थोडेसे पाणीही पुरते. बादली रिकामी करून पालथी घालावी, दाराला कडी लावावी. शेंगदाणे, फुटाणे, सुपारीचे तुकडे जमिनीवर राहू देऊ नयेत. वर्षाच्या आत मधाचे बोटही लावू नये; मधातून येणाऱ्या जंतूंमुळे तान्ह्या मुलांना गंभीर आजार होऊ शकतो. आणि वाळ्यांचा छुमछुम आवाज एकाएकी थांबला, तर हातातले काम टाकून आधी तिकडे धावावे. या वयात शांतता शुभसूचक नसते.

जेवण हाही याच काळातला एक सोहळा. आईचे दूध चालू असताना मऊ वरणभात, खिचडी, कुस्करलेले केळे, उकडलेले अंडे असे घरचे अन्न दिवसातून तीन-चार वेळा लागते. बाळाला त्यात स्वत:चा हात घालावयाचा असतो. घालू द्यावा. अर्धा भात कानामागे जाईल. खाली जुने धोतर अंथरले की काम भागले.

तमिळ साहित्यात पिळ्ळैत्तमिळ नावाचा एक सुंदर काव्यप्रकार आहे. कवी देवाला किंवा राजाला बालक कल्पितो आणि त्याच्या बाल्याच्या दहा अवस्था गातो. त्यांत टाळ्या वाजविण्याची एक, मुका मागण्याची एक, ‘ये, चालत ये’ म्हणून बोलावण्याची एक आणि चांदोबाला खेळावयास हाक मारण्याची एक अवस्था आहे. भाषांतराच्या कामात असताना मला याचे फार नवल वाटत आले आहे: ज्या पहिल्या पावलांना आपण ‘लवकर’ आणि ‘उशिरा’ अशी विशेषणे लावतो, त्यांना तेथे केवळ बोलावणे आहे.

राहता राहिली रात्र. उभे राहू लागलेले मूल मध्यरात्री उठून पलंगाचा कठडा धरून उभे राहते आणि रडू लागते. घरचे लोक दात, पोट, दृष्ट असे सारे तर्क करून थकतात. पुष्कळदा कारण साधे असते: त्याला उभे राहता आले आहे, पण खाली बसता येत नाही. अशा मुलाला पाळण्यात मुळीच निजवू नये; अंथरूण जमिनीवर घालावे. आणि दिवसा, तो कठडा धरून उभा असताना, त्याचे गुडघे आपल्या हाताने हळूच वाकवून त्याला बसवावे. पुन्हा उभा राहील, पुन्हा बसवावे. चार-पाच दिवसांत त्याला ते साधते आणि घर झोपते.