तुझ्या नावावर घेऊ का?

आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज पहाटे पाच चाळीसला एक गुलाब येतो. गुलाबावर दवबिंदू, मागे उगवता सूर्य आणि खाली बायबलमधलं एक वचन. पाठवणारे काका साठी उलटलेले आहेत. ते ‘तरुण’ संघात कसे, हे कुणी विचारत नाही.

मध्यंतरी एका २७ तारखेला मी नीतिसूत्रांचा सत्ताविसावा अध्याय वाचत होते. चौदाव्या वचनाला आले आणि हॉस्टेलच्या कॉटवर एकटीच हसत सुटले. पहाटे उठून मोठमोठ्याने मित्राचं भलं चिंतणाऱ्याचा आशीर्वाद शापासारखाच वाटतो, अशा अर्थाचं ते वचन आहे. म्हणजे गुड मॉर्निंग मेसेजचा वैताग इतका जुना! मी स्क्रीनशॉट काढला, ग्रुपवर टाकायला गेले आणि थांबले. काकू गेल्या, त्यानंतरच काकांचे गुलाब सुरू झालेत. हे मला माहीत होतं. स्क्रीनशॉट डिलीट केला.

वचन बरोबर होतं, तरी तिथे लागू नव्हतं. नीतिसूत्रं वाचताना हा घोळ सारखा होतो, आणि माझ्या मते त्या पुस्तकाची खरी गंमत त्यातच आहे.

ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘नीतिसूत्रे’ हे बायबलच्या जुन्या करारातलं पुस्तक. बरोबर ३१ अध्याय, त्यामुळे तारखेप्रमाणे रोज एक वाचायची सवय अनेक ख्रिस्ती घरांत असते. फेब्रुवारीत शेवटचे दोन-तीन बुडतात, एकतिसावा वर्षातून सातदाच नंबर लावतो. पुस्तक शलमोन राजाच्या नावावर आहे, पण आतमध्ये हिज्कीया राजाच्या लोकांनी उतरवून घेतलेली सूत्रं आहेत, आगूर नावाच्या माणसाची आहेत आणि शेवटी लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेली शिकवण. अनेक जागी ‘माझ्या मुला’ अशी हाक आहे. मुलींनी आपापलं समजून घ्यायचं!

धर्मग्रंथ म्हटल्यावर मित्रमैत्रिणींना वाटतं, चमत्कार, स्वर्ग-नरक असं काहीतरी असेल. इथे त्यातलं फारसं काही सापडत नाही. गळकं छप्पर, भांडकुदळ माणसं, खोटी वजनं वापरणारा दुकानदार, बिजागरीवर दार फिरावं तसा अंथरुणात नुसता कुशी बदलणारा आळशी. हे शेवटचं तर आमच्या हॉस्टेलच्या पीएल-मधलं थेट प्रक्षेपण आहे.

आणि पैसे. पैशांबद्दल या पुस्तकात खूप आहे, त्यातलं एक मला गेल्या वर्षी आडवं आलं.

मी पुण्यात सीएची आर्टिकलशिप करते. स्टायपेंड सहा हजार. समोरच्या रूममधली मैत्रीण आर्किटेक्चरला आहे. सबमिशन तोंडावर आलेलं असताना तिचा लॅपटॉप मेला. नवा ५२ हजारांचा. तिला हप्त्यावर मिळेना, कारण पहिल्या वर्षात ‘आत्ता घ्या, नंतर द्या’वाल्या अ‍ॅपचे पैसे थकवून तिने स्वतःचा सिबिल स्कोअर घालवला होता. कँटीनमध्ये ती म्हणाली, “तुझ्या नावावर घेऊ का? हप्ता मीच भरणार, प्रॉमिस.” बारा महिने, साडेचार हजारांच्या आत हप्ता.

मी म्हणाले, “हो, घे ना!”

आता यातला विनोद बघा. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, हे १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ मी पाठ करून परीक्षेत लिहिलंय. इथे तर मी जामीनदारही नसणार होते, थेट कर्जदारच. तिचा हप्ता चुकला की कंपनीच्या दृष्टीने तो माझाच चुकलेला. तरी ‘हो’ म्हणायला मला तीन सेकंदही लागले नाहीत. मैत्रिणीला नाही कसं म्हणायचं, यार?

त्यातून आपण ख्रिस्ती, म्हणजे मदत करायचीच, हेही डोक्यात होतं. त्यासाठी वचनही हाताशी होतं. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आहे की भलं करणं हातात असेल तर ते रोखू नकोस, आणि जवळ असताना शेजाऱ्याला ‘उद्या ये’ म्हणू नकोस. झालं की मग! संध्याकाळी आजोबांना फोन केला तेव्हा जरा कौतुकाच्या अपेक्षेनेच सांगितलं.

आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावी शाळेत शिक्षक होते. ते काही क्षण बोललेच नाहीत. मग म्हणाले, “बाळा, सहावा अध्याय वाचलास का?”

सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच उलटं सांगितलंय. शेजाऱ्यासाठी जामीन राहिलास, परक्यासाठी हातावर हात मारलास, तर तू आपल्याच शब्दांत अडकलास. पुढे बाविसाव्यात तर असंही विचारलंय की फेडायला काही नसताना सावकाराने तुझ्या अंगाखालचं अंथरूण का न्यावं? (आमच्या कॉट्स हॉस्टेलच्या आहेत, पण मुद्दा समजला.)

मग खरं काय? मदत कर, की करू नको? अशा जोड्या या पुस्तकात आणखी आहेत. सव्विसाव्या अध्यायात एक वचन म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला साजेसं उत्तर देऊ नकोस, आणि लगेच पुढचं म्हणतं, दे. लागोपाठ! संपादकाच्या नजरेतून सुटलं म्हणावं, तर इतकी शतकं कुणीच कसं दुरुस्त केलं नाही? मला वाटतं, ते मुद्दाम शेजारी ठेवलंय. कॉलेजच्या ग्रुपवर कुणी फालतू कमेंट टाकली तर कधी गप्प बसणं शहाणपणाचं असतं, कधी गप्प बसलं की बाकीच्यांना तेच खरं वाटायला लागतं. आज यातलं कुठलं, हे पुस्तक सांगत नाही. समोर कोण आहे ते तुम्ही बघायचं.

आजोबांच्या बायबलमध्ये सहाव्या अध्यायाशेजारी लाल पेन्सिलीने ‘जून १९९४’ लिहिलंय, हे मी लहानपणापासून बघत आले होते. त्याचा अर्थ त्या संध्याकाळी कळला. शाळेतल्या एका सहकारी गुरुजींना त्यांनी सोसायटीच्या कर्जासाठी जामीन म्हणून सही दिली होती. गुरुजींचे हप्ते थकले, कपात आजोबांच्या पगारातून सुरू झाली. चार वर्षं. पप्पांचं डिप्लोमाचं अ‍ॅडमिशन त्यात एक वर्ष पुढे गेलं. घरात याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं.

मला वाटलं, आता ते ‘कुणावर विश्वास ठेवू नकोस’ म्हणणार. पण ते म्हणाले, “त्या गुरुजींना वाईट म्हणू नकोस हं. त्यांच्या पोरीचं ऑपरेशन होतं. चूक माझी झाली. माझ्याकडे तेव्हा दोन हजार रुपये होते. ते द्यायचे सोडून मी सही दिली. सही देताना खिशातून काही जात नाही ना, म्हणून बरी वाटते.”

“मग तिसऱ्या अध्यायाचं काय?”

“अगं, दोन्हीकडे हातच आहे की. तिथं म्हणतो, हातात असलेलं दे. इथं म्हणतो, हातात नसलेल्यावर हात मारू नको. तुझ्या हातात किती आहेत?”

पाच हजार दोनशे होते.

सहाव्या अध्यायात नुसती ताकीद नाही, अडकलेल्याने काय करायचं तेही आहे. जा, कमीपणा घे, शेजाऱ्याची विनवणी कर, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, पारध्याच्या हातून हरिणी निसटते तसा निसट. मला खरं तर ‘उद्या सांगते’ असं करायचं होतं. पण गंमत म्हणजे ‘उद्या’ला दोन्ही अध्यायांत जागा नाही. द्यायचं तरी आज, सुटायचं तरी आज. रात्री साडेदहाला तिचं दार वाजवलं.

फार वाईट झालं ते बोलणं. मी खूप स्पष्टीकरणं दिली. कलम १२८ पण सांगितलं, ज्याची काही गरज नव्हती. मग म्हणाले, पाच हजार आहेत, ते घे, परत कधी द्यायचे ते तू ठरव. ती म्हणाली, “पाच हजारात काय येतं? माऊस?” पण घेतले. रिपेअरवाल्याने हार्ड डिस्क वाचवून दिली, त्यात ते गेले, आणि सबमिशन तिने कॉलेजच्या लॅबमध्ये रात्री बसून केलं.

आता तुम्हाला वाटेल की पुढे तिने दुसऱ्या कुणाच्या नावावर लॅपटॉप घेतला, बुडवला, आणि मी वाचले. तसं काही झालं नाही. तिने मावसभावाच्या नावावर घेतला आणि आजपर्यंत एकही हप्ता चुकवलेला नाही. माझे पाच हजार मार्चमध्ये यूपीआयने आले, सोबत एक शब्दही नाही. जिन्यात भेटलो तर ‘हाय’, बास. मी ‘नाही’ म्हटल्याने माझं काही वाचलं याचा एकही पुरावा माझ्याकडे नाही, आणि मैत्रीचं काय झालं ते समोर दिसत होतं. तरी त्या रात्री मी पुन्हा तेच करेन असं मला वाटतं. रोज वाटतं असं नाही.

मे महिन्यात तिचा रिझल्ट लागला. दोन विषय राहिले. ती सकाळी अकरापर्यंत झोपते, हे सगळ्या मजल्याला माहीत आहे. आणि नीतिसूत्रांच्या त्याच सहाव्या अध्यायात, जामिनाच्या वचनांना लागूनच, आळशाला मुंगीकडे जाऊन शिकायला सांगितलंय. वचन माझ्या अगदी जिभेवर होतं. पण बायबलमध्ये ईयोबाचंही पुस्तक आहे. मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत, सगळं गमावलेल्या ईयोबाला त्याचे मित्र एकाहून एक बरोबर वाटणारी सुभाषितं ऐकवतात, आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. त्यांनी एकच गोष्ट चांगली केली होती. आल्या आल्या सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कुणी एक शब्द बोललं नाही.

सात दिवस माझ्याकडे नव्हते, ऑफिसला ऑडिट चालू होतं. मॅगीची दोन पाकिटं घेऊन गेले. तिने दार उघडलं, सरकली, मी कॉटच्या टोकाला बसले. केटलमधलं पाणी उकळेपर्यंत दोघीही फोनमध्ये बघत होतो.

“तुझे ते पैसे पोचले होते ना?” तिने विचारलं.

“हो, तेव्हाच.”

“मसाला दोन्ही टाकू?”

“टाक.”