जुनं औषध, नवं कवच

२०२१च्या उन्हाळ्यात ‘लायपोसोमल अँफोटेरिसिन बी’ हे अवघड नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. करोनातून जेमतेम उठलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने गाठलं होतं आणि नातेवाईक चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानांतून वणवण करत होते. एका कुपीत ५० मिलिग्रॅम औषध. किलोमागे ५ मिलिग्रॅम धरलं, तर ६० किलोच्या माणसाला रोज सहा कुप्या, त्याही कित्येक दिवस.

मूळ अँफोटेरिसिन १९५०च्या दशकातलं. बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला चिकटून ते आवरणाला भोकं पाडतं. पण आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉलही त्याच जातकुळीचं! त्यामुळे साधं औषध शिरेतून सोडलं की हुडहुडी भरते, ताप चढतो आणि मूत्रपिंडांवर घाला पडतो.

तोडगा निघाला तो स्निग्ध पदार्थांतून. फॉस्फोलिपिडच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं पाणी टाळतं. म्हणून पाण्यात हे रेणू आपणहून दुपदरी भिंतीच्या पोकळ गोळ्या बनवतात. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी हे दाखवलं. या गोळ्या म्हणजे लायपोसोम. औषधातले लायपोसोम १०० नॅनोमीटरहूनही लहान असतात. तांबडी रक्तपेशी त्यांच्या सत्तरपट तरी रुंद. अँफोटेरिसिन आतल्या पोकळीत नव्हे, भिंतीतच रुतून बसतं. रक्तातून जाताना ते सहसा सुटत नाही आणि बुरशीशी गाठ पडली की तिच्याकडे जातं. रचना मात्र नाजूक. पिवळी पूड निर्जंतुक पाण्यात जोरात हलवायची आणि पुढे फक्त डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायची. मिठाच्या सलाइनमध्ये साका बसतो.

यातला सर्वांत सुंदर भाग काळा आजाराचा. त्याचे परजीवी यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशींत दडतात. या पेशी परके कण गिळतात, म्हणजे लायपोसोमही गिळतात. औषध थेट शत्रूच्या दडणीत! बिहारमध्ये झालेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लायपोसोमलचा एकच डोस साध्या औषधाच्या १५ डोसांच्या तोडीचा ठरला. महिनाभर इस्पितळात अडकून मजुरी बुडवणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी देशी लायपोसोमल अँफोटेरिसिनवर त्याआधीच काम केलं होतं. ज्ञान हाताशी असूनही २०२१मध्ये उत्पादन अपुरं पडलं, हे मला आजही सलतं.

एमआरएनए लशींनाही असंच स्निग्ध कवच लागतं. नाहीतर शरीरातली विकरं एमआरएनएचे झटपट तुकडे करतात. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या करोनावरच्या एमआरएनए लशीला २०२२मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. ती २ ते ८ अंशांत, म्हणजे साध्या फ्रिजमध्ये टिकते. पण शिरेतून दिलेले असे बहुतेक स्निग्ध कण अजूनही यकृताकडेच ओढले जातात. मेंदूपर्यंत किंवा खोलवरच्या गाठीपर्यंत पुरेसं औषध पोचवणं, हे काम अजून बाकी आहे.