बोरीची काठी

बीजिंगच्या थ्येनथान उद्यानात गेले ती १४२० साली बांधलेलं स्वर्गमंदिर बघायला. पुढच्या तीन सकाळी मात्र मंदिराकडे फिरकलेही नाही. शेकडो वर्षांच्या सुरूसारख्या झाडांखाली एक बाई उभ्या असायच्या, त्यांच्यासाठी जात होते.

त्यांच्या दोन तळव्यांच्या मध्ये आडवं लाटणं होतं. निदान मला ते लाटणंच वाटलं. जेमतेम फूटभर लांब, मधे फुगीर, टोकं गोल. लेक इथे शिकते. तिने विचारून सांगितलं, ही ताई-चीची 'छ्र'. छ्र म्हणजे मोजपट्टी. वयाने मोठ्या बाईला हाक मारताना ती 'आयी' म्हणते. अर्थ मावशी, पण माझ्या कानांना आईच ऐकू येई.

हा काठीचा व्यायाम हजार वर्षांपूर्वीच्या हुआशान पर्वतावरच्या छन थुआन या साधूपासून आला, असं सांगतात. मला त्या कथेपेक्षा १९५४ साल जवळचं वाटतं. त्या वर्षी चाओ चोंगताओ यांनी बीजिंगमध्ये शाळा काढली आणि एका घराण्यात राखलेली गोष्ट चारचौघांची झाली.

एक पाय पुढे. वजन पुढे गेलं की मागची टाच उचलते, मागे आलं की पुढचा चवडा. त्याबरोबर हात पोटासमोर चाक फिरवावं तसे वरून पुढे, खालून मागे. बस, एवढंच. एका पायावर दोनशे फेरे, मग पाय बदलून दोनशे.

अवघड आहे ते काठी धरणं, कारण ती धरायचीच नाही. बोटं सैल, टोकं फक्त तळव्यांच्या खळग्यांत टेकलेली. दाब कमी पडला तर काठी पडते, जास्त झाला तर खांदे ताठरतात. आयी सूतगिरणीत होत्या; कामगार बायकांसाठीच्या तेव्हाच्या नियमाने पन्नासाव्या वर्षी निवृत्त झाल्या. उभं आयुष्य तुटलेले धागे चिमटीत पकडून गाठी मारण्यात गेलं. त्या म्हणाल्या, "बोटांना सोडायला शिकवायला दोन वर्षं लागली."

काठीतून 'छी' म्हणजे प्राणशक्ती वाहते, तिने दुखणी जातात, असंही त्या म्हणाल्या. ते मी मानत नाही. पण उतारवयात ताई-चीने तोल सावरतो, पडणं कमी होतं, हे अभ्यासांतून दिसलंय. आणि दोनशे फेऱ्यांत त्यांचा तोल एकदाही गेला नाही, हे मी मोजून पाहिलं.

चौथ्या दिवशी त्यांनी काठी माझ्या हातात दिली. लाकूड बोरीचं. नोव्हेंबरच्या थंडीत मधला फुगवटा गार होता, टोकं मात्र त्यांच्या तळव्यांनी ऊबदार. अकराव्या फेऱ्याला ती पडली. आयींनी वाकून उचलली, पुसली, पुन्हा माझ्या तळव्यांत ठेवली आणि माझी बोटं एकेक करून उघडली.

"ई," त्या म्हणाल्या. एक.