मुक्काम मोकळ्यावर, संडास गाडीत

न्यूझीलंडमधल्या कॅम्परव्हॅनवाल्यांच्या तोंडी एकच तारीख आहे, ७ जून २०२६. भाड्याच्या गाड्यांना गाडीतल्या मुक्कामाबद्दलचा २०२३चा नवा कायदा ७ डिसेंबर २०२४ पासूनच लागू झाला; खासगी गाड्यांना दिलेली मुदत या तारखेपर्यंतची. मुदतवाढ, प्रमाणपत्राचा खर्च, निळ्याऐवजी काचेवर लावायचं हिरवं कार्ड यांवर भरपूर लिहून आलं. मला मात्र त्यातली एकच अट मोलाची वाटते. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मोकळ्या जागेत रात्रीचा मुक्काम टाकायचा, तर गाडीत पक्का बसवलेला संडास हवा आणि पलंग अंथरलेला असतानाही तो वापरता आला पाहिजे. सीटखाली सरकवलेली सुटी पेटी आता चालणार नाही.

ही अट का हवी, ते हिवाळ्यात कळतं. आणि जून म्हणजे तिकडचा हिवाळाच. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, इंग्रजीतला परवाना चालतो, म्हणून आपल्याकडचे पर्यटक दक्षिण बेटावर बिनधास्त कॅम्परव्हॅन घेतात. रस्ता सोपा वाटतो. रात्र सोपी नसते.

आओराकी म्हणजेच माउंट कुकच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिल नावाचा तळ आहे. ३,७२४ मीटरचं शिखर, खाली पुकाकी सरोवराचं दुधाळ निळं पाणी. जूनअखेरीस इथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि आठ वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे पंधरा तास अंधार, पारा शून्याखाली आणि दोन माणसं पत्र्याच्या खोलीत. त्यांच्या श्वासातली वाफ काचेवर बसते आणि पहाटे तिचा आतल्या बाजूने बर्फ होतो. बोटाने खरवडला की नखात येतो. म्हणून कितीही गारठा असला तरी छताची झडप बोटभर उघडी ठेवायची. ऊब डिझेल हीटरने मिळते. तो गाडीच्याच टाकीतलं डिझेल जाळतो, धूर बाहेर सोडतो आणि गरम हवा आत. गॅसची शेगडी पेटवून ऊब घेणं मात्र जिवावर बेतू शकतं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅसचंही एक आहे. ब्युटेन साधारण शून्य अंशाला वायू व्हायचं थांबतं, त्यामुळे ब्युटेनची छोटी नळकांडी अशा सकाळी चहासुद्धा करू देत नाहीत. प्रोपेन उणे ४२पर्यंत साथ देतो.

रस्त्याचं म्हणाल, तर ‘ते अॅनाऊ’ गावाहून मिलफर्ड साउंडला जाणारा महामार्ग ९४ पुरेसा बोलका आहे. अंतर १२० किलोमीटरच्या आसपास, पण मे ते नोव्हेंबर चाकाच्या साखळ्या जवळ बाळगाव्या लागतात. साखळी कोणत्या चाकांना लावायची हे गाडी ताब्यात घेतानाच विचारावं आणि तिथेच, कोरड्या जमिनीवर, एकदा लावून पाहावी. १९५४ साली खुल्या झालेल्या होमर बोगद्याच्या दोन्ही अंगांना हिमकडे कोसळतात. हेलिकॉप्टरमधून स्फोटकं टाकून ते आधीच पाडले जातात आणि तेवढा वेळ रस्ता बंद राहतो. वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडणारा हा मुलूख, आंबोली पाहिलेल्याला त्याचा अंदाज येईल. पण तिथला हिवाळा त्यातल्या त्यात कोरडा, त्यामुळे कडे स्वच्छ दिसतात. बोगद्याशी थांबलेल्या गाड्यांवर किआ येतो. हा डोंगरी पोपट हिरवट शेवाळी रंगाचा, पंखाखाली नारिंगी. टपावर उतरतो, मान वाकडी करून वायपरकडे बघतो आणि चोचीने त्याचं रबर सोलायला लागतो. लोक हौसेने बिस्किटं देतात. देऊ नयेत. माणसाच्या खाण्याला चटावलेला किआ गाड्यांखाली सापडतो आणि ही जात धोक्यात आहे.

आकाशाबद्दल थोडक्यात सांगतो, खरं तर त्यावर वेगळा लेख व्हावा. आओराकी-मॅकेंझी हा प्रदेश २०१२पासून राखीव अंधार क्षेत्र आहे. जूनच्या रात्री वृश्चिक तिथे डोक्यावर येतो आणि पहाटे ईशान्येला कृत्तिका उगवतात. माओरी लोक त्यांना मातारिकी म्हणतात, माओरींचं नवं वर्ष या ताऱ्यांच्या उगवण्याशी बांधलेलं आहे आणि २०२२पासून मातारिकीनिमित्त देशाला सुट्टी असते.

आता पुन्हा संडासाकडे. उणे पाच अंशांत मध्यरात्री कोणी शंभर पावलं चालत जात नाही. गाडीच्या आडोशालाच उरकतो. आणि गारठ्यात मैला कुजत नाही, तसाच पडून राहतो. वसंतात बर्फ वितळला की पाण्याबरोबर ओढ्यात उतरतो. या नद्या किती नाजूक आहेत हे २००४ साली दिसलं. डिडिमो नावाचं शेवाळ साउथलँडच्या नदीत सापडलं आणि बघता बघता बेटभर पसरलं, दगडांवर तपकिरी गोधडी अंथरल्यासारखं. ओल्या बुटातल्या थेंबातूनही ते पुढच्या नदीत जातं. म्हणून माणशी रोजचं चार लिटर पाणी आणि तेवढंच सांडपाणी तीन दिवस गाडीतच साठवता आलं पाहिजे, हा नियम मला जाचक वाटत नाही. कमी पैशांत फिरणाऱ्या तरुणांवर तो भार आहे, ही तक्रार खरी आहे. पण शौचालयाची सोय असलेले तळ त्यांना खुलेच आहेत.

कॅसेट, म्हणजे पक्क्या संडासाखालची मैल्याची पेटी, रिकामी करायचं काम पाच मिनिटांचं. डम्प स्टेशनवर, म्हणजे मैला ओतायच्या जागी, पेटी ओढून काढायची, नळकांडं फिरवायचं, ओतायचं, तिथल्याच नळाने खळबळून धुवायचं. पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा, त्याला हात लावायचा नाही. गावोगावी अशी ठिकाणं आहेत म्हणूनच कायद्याला सक्ती करता येते.

महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आणलं, केरळनेही त्याच वर्षी. कोकणात, भंडारदऱ्याला, भिगवणच्या पाणपक्ष्यांकडे हिवाळ्यात अशा गाड्या जाव्यात, याला माझा मनापासून पाठिंबा आहे. पण कॅराव्हॅन पार्कच्या नकाशावर विजेच्या खांबाआधी मैला ओतायची जागा दिसली पाहिजे. कोणत्या गावात, कोणत्या नाल्यापासून किती लांब, आणि ती टाकी उपसणार कोण, हे परवाना देणाऱ्यांनी गाडी रस्त्यावर येण्याआधी लेखी सांगावं.